'गुडघाभर पाणी'मधली चाळीस सेकंदं

कोल्हापूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नंदूस,

इथं 'अनेक आशीर्वाद' लिहायची आपल्याकडं पद्धत आहे. ती जागा तूर्त कोरी ठेवतोय. का ते पुढं कळेल.

आम्ही इकडं ठीक आहोत. माझं ब्लडप्रेशर गोळीला मान देतंय. थंडी पडल्यापासून तुझ्या वहिनीचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय, तरी रंकाळ्यावर माझ्यापुढं दहा पावलं चालते आणि मागं वळून बघतही नाही. भाऊबीजेला तू बांधून दिलेले काजू तिनं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेत आणि स्टूल लपवून टाकलंय. शिरोलीच्या फौंड्रीत काम तेच. हातोडीनं एकेक नग वाजवून बघायचा. चांगला नग खणखणीत वाजतो, आत तडा असला की बद्द. उदयसिंह आता त्यासाठी मशीन आणायचं म्हणतोय, पण मालक झाला तरी जुना मित्र आहे, अजून माझ्या कानावर त्याचा भरवसा आहे. शिरोलीत माझ्या कानाला नाव आहे, नंदू. बढाई म्हणून सांगत नाही. पुढं त्याचं काम पडणार आहे म्हणून सांगून ठेवतोय.

पत्र कशाला, फोन करायचा की, असं म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि चपात्या लाटतेस. मागून तुझ्या सासूबाई विचारतात, कोण, बंडू काय, मग मी त्यांची तब्येत विचारतो, त्या माझी विचारतात आणि आपलं बोलणं संपतं. गेली अठ्ठावीस वर्षं आपण असंच बोलतोय. हे स्पीकरवर बोलता येण्यासारखं नाही.

तर बातमी अशी. तीस तारखेला, रविवारी संध्याकाळी, इथल्या एका संस्थेनं कार्यक्रम ठेवलाय. नाव दिलंय 'एक गाणं, सहा गळे'. आपलं 'गुडघाभर पाणी' आजवर ज्यांनी ज्यांनी आपापल्या तऱ्हेनं गायलं, त्यांतले सहा एकापाठोपाठ एक तेच गाणं म्हणणार. मधे माझं दहा मिनिटांचं भाषण, आणि शेवटी फेटा, शाल, नारळ. भाषणाचा विषय त्यांनीच काढून दिलाय : हलगीची चाळीस सेकंदं.

त्या तयारीसाठी आठवडाभर सगळ्यांची गाणी ऐकतोय. तुला एकेक सांगतो. तू ऐकली नसशील. तू गाणी ऐकत नाहीस हे मला माहीत आहे, आणि हल्ली ते आठवलं की मी दुसरं काहीतरी काम काढतो.

आधी मूळ गाणं. आजऱ्याला मामांच्या रानात रोप लावताना धोंडुबाई म्हणायची ती चाल, तिच्यावर आपण उदयसिंहची गिटार चढवली, आकाराममामांची हलगी घेतली, आणि मार्च ९७ मध्ये राजारामपुरीतल्या त्या बोळातल्या स्टुडिओत कॅसेट काढली. आपण विशीतली पोरं, आकाराममामा तेव्हाच पन्नाशी ओलांडलेले. स्टुडिओच्या मागच्या दारात कातडं ताणावं म्हणून वर्तमानपत्रं पेटवून ते हलगी शेकत बसायचे आणि मालकाला वाटायचं आग लागली. एवढ्या सगळ्या खटाटोपातून ते गाणं आलं आणि दोन वर्षांत गावोगावच्या गणपतीत वाजायला लागलं.

कॅसेटवर त्याची तीन कडवी आहेत. तिसरं संपलं की गिटार थांबते, मी थांबतो आणि चाळीस सेकंदं नुसती हलगी राहते. तीही काठ्यांनी कडकडणारी हलगी नव्हे, बोटांनी वाजवलेली, दबकी. मग एकदम सगळे मिळून धृपद. लोकांचं म्हणणं, गाण्याचा सगळा जीव त्या चाळीस सेकंदांत आहे. हलगीला असं कुजबुजायला लावणं हे म्हणे मलाच सुचू जाणे. मी आजवर एकालाही नाही म्हटलेलं नाही.

पहिला गळा इचलकरंजीच्या एका ऑर्केस्ट्राचा. वीस वर्षं झाली, अजून हळदीला तेच वाजवतात. हलगी नाही, कीबोर्डवरचं ढिप्पाक आहे. त्या चाळीस सेकंदांत त्यांचा निवेदक वरपक्षाच्या मामांची नावं वाचून दाखवतो. उदयसिंहला याचा भारी राग. मला नाही येत. रिकामी जागा दिसली, त्यांनी माणसांची नावं घातली. माझ्यापेक्षा बरंच केलं म्हणायचं.

दुसरा गळा मुंबईच्या एका मुलीचा, टीव्हीवरच्या स्पर्धेतला. तिनं त्या जागी आलाप घेतलाय, वर तारसप्तकात जाऊन पायरी पायरीनं उतरते. परीक्षक उठून उभे राहिले. एक स्वर इकडचा तिकडं होत नाही आणि गाणं संपेपर्यंत तिचे पाय एकदाही ओले होत नाहीत. तुझ्या वहिनीला हेच सगळ्यात आवडतं.

तिसरा बेळगावच्या चार पोरांचा. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि आमच्या मूळ गाण्यापेक्षा दणदणीत. पण त्या जागी ते हलगीसुद्धा थांबवतात. चाळीस सेकंदं डोळे मिटून उभे. त्यावर एका मासिकात चार पानी लेख आला होता, त्या शांततेत राबणाऱ्या बायकांचं सगळं दुःख आहे वगैरे. मी त्याच्या झेरॉक्स काढून वाटल्या. तुलाही एक दिली होती, तू ती न वाचता काजूच्या डब्याखाली घातलीस. तेव्हा मला राग आला होता.

चौथा गळा पन्हाळ्याच्या एका शाळेतल्या मुलांचा. त्यांच्या बाईंनी बसवलंय. बाकी गाणं बेताचंच, पण त्या चाळीस सेकंदांत तीस पोरं कमरेत वाकतात आणि पाय आपटत मागं मागं चालत जातात. रोप लावणारी बाई मागं सरकत जाते हे इतक्या वर्षांत त्या बाईंना एकट्यांना दिसलं. धोंडुबाईच्या रांगेत शेवटची तू असायचीस, परकर खोचून, आणि मी बांधावर वही घेऊन. ते बघितलं आणि मला पुढं बघवेना.

आज इथंच थांबतो. अजून दोन राहिलेत.

*

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन दिवस हे कागद टेबलाच्या खणात होते. काल वहिनीनं विचारलं, कुणाला लिहिताय एवढं? म्हटलं, भाषणाची टिपणं.

पाचवा गळा यशराज नावाच्या पुण्याच्या मुलाचा. गळा त्याचा नाही म्हणा, त्याचा कॉम्प्युटर. जुन्या कॅसेटी घेऊन त्यांतली खरखर काढतो, एकात मिसळलेले आवाज वेगवेगळे करतो, मग त्यावर आपलं काहीतरी रचतो. स्टुडिओतली मूळ चार ट्रॅकची, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज वेगळा घेतलेली कॅसेट उदयसिंहच्या कपाटात होती, ती त्यानं मागून नेली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हरवली म्हणून सांगितलं असतं.

सप्टेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. मी तेव्हा फौंड्रीत, हातात हातोडी. म्हणाला, "सर, चौथा ट्रॅक त्या जागी पुसलेला आहे, पण हलगीच्या ट्रॅकवर, हलगीच्या मागं, एक बाई गातेय."

तू आकाराममामांच्या शेजारी पोत्यावर बसली होतीस. खोली एकच. तुझ्या पुढ्यात तुझा माइक होता आणि त्यांच्या पुढ्यात त्यांचा. त्यांच्या माइकनं हलगीबरोबर तुझाही आवाज थोडा उचलला. मला ते कधी सुचलंच नाही. एवढं साधं.

मी त्याला म्हटलं, शेजारच्या घरातला रेडिओ असेल. तो फार अदबीनं म्हणाला की रेडिओवरची बाई आमच्या हलगीच्या तालात कशी गाईल. मी म्हटलं, मग तुझ्या मशीनचाच दोष असेल, आणि फोन ठेवला. त्या दिवशी माझ्या हातून दोन तडे गेलेले नग पास झाले. गिऱ्हाइकाकडून परत आले.

यशराजनं त्याच्या गाण्यात तो आवाज ठेवलाय, अगदी बारीक. इंटरनेटवर त्याच्या खाली लोक लिहितात, अंगावर काटा आला, हे भूत आहे काय. आणि बाकी सगळं काढून टाकून, नुसती ती चाळीस सेकंदं त्यानं मला वेगळी पाठवली. खाली एवढंच : सर, तुम्हाला कदाचित हवी असतील.

भाऊबीजेला मी आलो तेव्हा ती माझ्या खिशात, फोनमध्ये होती. येताना बसमध्ये ठरवलं होतं की ओवाळून झालं की तुला बाजूला घ्यायचं. तू ताट तयार करत होतीस. अवंतिका दिवाळीला घरी आलेली, माझ्याशेजारी बसून सहज म्हणाली, मामा, चौथं कडवं कॅसेटवर का नाही? मी म्हटलं, कुठलं चौथं? ती म्हणाली, आई लहानपणी मला झोपवताना दार लावून म्हणायची ते. मी म्हटलं, नसेल गं, तीनच आहेत, मी लिहिलंय ना गाणं.

तुझा हात निरांजनावर थांबला. क्षणभरच. मग तू तिला म्हणालीस, कुंकवाचा करंडा आण जा. आणि मला ओवाळलंस. काजू बांधून दिलेस.

हे मी पुन्हा वाचलं. 'मी लिहिलंय ना गाणं' असं तुझ्यासमोर म्हणालो. बावन्न वर्षांचा माणूस, कपाळाला तुझं कुंकू लावून घ्यायला बसलेला.

*

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सहावा गळा तुझ्या मुलीचा.

दोन तारखेला तिनं व्हिडिओ टाकला. तू पाहिला असशील किंवा नसशील, तू काय पाहतेस आणि काय बघायचं टाळतेस हे मला कधीच कळलं नाही. तुमच्या काजूच्या कारखान्यामागं, पालथ्या डब्यावर बसलीय. वाद्य कुठलंच नाही, डब्यावर बोटं वाजवते, तीही दबकी. तिला ते कुणी शिकवलं नसणार, त्या कडव्याला तेवढंच पेलतं. पहिली तीन ती भराभर म्हणते, पाहुण्यांना वाढून मोकळं व्हावं तशी. मग चौथं :

पुढं चालणाऱ्याला दिसतं नुसतं पाणी
मागं मागं चालते मी, दिसते माझी लावणी
ओळ गेली वाकडी तर उद्या कळंल बाई
आज काही चिखल माझा बोलायचा न्हाई

मी यातला एक शब्द विसरलो नव्हतो, नंदू. एकही नाही.

खाली तिनं लिहिलंय : 'हे चौथं कडवं माझ्या आईचं. आईचा सूर लागत नाही, म्हणून तिच्या वतीनं मी म्हटलं.'

फौंड्रीच्या कँटीनमध्ये वाचलं ते. चहा तसाच राहिला. तिच्यावर मला रागावताही येईना. तिनं काय चूक लिहिलं? तिला जे ठाऊक होतं ते लिहिलं. तिला ते तू सांगितलंस आणि तुला मी.

संस्थेच्या लोकांनी तो व्हिडिओ बघून लगेच तिला सहावी म्हणून घेतलं. मला फोन करून म्हणाले, सर, घरचाच गळा, दुधात साखर.

आता सांगतो. एका दमात सांगतो, मधे थांबलो तर पुन्हा खणात जाईल.

उदयसिंहला आणि बाकी सगळ्यांना मी आजवर सांगत आलो की तुझा आवाज आण्णांनी काढायला लावला. तुला बघायला आजऱ्याची मंडळी येणार होती, पोरीचा आवाज बाजारात नको म्हणाले, आणि जुन्या वळणाच्या बापापुढं माझं काय चालणार. हे ऐकून लोक हळहळतात. आण्णा जाऊन चौदा वर्षं झाली, ते काही उठून येत नाहीत सांगायला. आण्णा जे म्हणाले होते ते तू स्वयंपाकघरातून ऐकलं असशील. "कव्हरवर पोरीचं नाव नको छापू बंडू, पावणं येणार हायत." एवढंच. नाव नको म्हणाले. गाणं त्यांना आवडलं होतं. तुझं कडवं त्यांनी कानामागं हात धरून ऐकलं होतं.

आण्णांनी नाव काढलं. आवाज मी काढला.

रेकॉर्डिंग झालं त्या दुपारी स्टुडिओवाल्यानं सगळं वाजवून दाखवलं. माझी कडवी झाली, तो मान हलवत राहिला. तुझं आलं आणि त्यानं टेप मागं घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं घेतली. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा उदयसिंह माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू तीन कडवी राबलास गड्या, आन् ही एका कडव्यात गाणं घिऊन गेली की." सगळे हसले. मीही हसलो. तू लाजून आकाराममामांच्या हलगीकडं बघत होतीस. ते गाणं माझं होतं, नंदू. चार वर्षं मी त्याच्या वह्या भरल्या होत्या. आणि तू बांधावरनं उतरून चिखलात गेलीस, एका दिवसात चार ओळी जुळवल्यास आणि मला दिसलं की गाणं त्या चार ओळींचं आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटा स्टुडिओत गेलो. मालकाला म्हटलं, थोडं बघायचंय. माइक काढून ठेवला आणि चौथ्या, म्हणजे तुझ्या ट्रॅकवर रेकॉर्डचं बटण दाबून धरलं. चाळीस सेकंदं. मी घड्याळाकडं बघत होतो. मधे सोडता आलं असतं.

घरी आलो तेव्हा तू पायरीवर गवार मोडत बसली होतीस. मी म्हटलं, नंदू, तुझा सूर उतरला गं, कॅसेटवर ऐकवत नाही, काढावं लागलं. तू विचारलंस, "सगळीकडं उतरला?" मी म्हटलं, सगळीकडं. तू दोन शेंगा मोडल्यास आणि म्हणालीस, "मग बरं केलंस."

अंगणात ऊन होतं, तुझ्या मांडीवर सूप होतं. याहून जास्त काही घडलं नाही. आणि त्यानंतर तुझा गळा मी कुठंच ऐकला नाही. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तुला आणायला मी आलो होतो, घरी बायकांनी फेर धरला, तू टाळ्या वाजवत राहिलीस. अवंतिकाच्या बारशाला सगळ्यांनी तुला पाळणा म्हण म्हटलं. तू काकूंना पुढं केलंस, म्हणालीस, माझा सूर लागत नाही, तिच्या कानी बेसूर कशाला. मी तिथंच होतो. घुगऱ्या खात होतो. तोंडातला घास गिळला आणि आणखी मागून घेतल्या.

प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी त्या गाण्याला कुठं ना कुठं टाळी पडलेली असायची.

गेल्या शनिवारी आकाराममामांकडं गेलो. पंच्याऐंशीच्या घरात आहेत, कानाला यंत्र लावलंय, हलगी खुंटीवर. त्यांना यशराजनं पाठवलेला तुकडा ऐकवला. यंत्र काढून त्यांनी फोन थेट कानाला लावला. मग म्हणाले, "ती बोटानं वाजवली पोरीसाठनं. गळ्याच्या खाली ऱ्हायाचं असतंय हलगीनं. तू वरचं काढलंस आन् खालचं ठेवलंस. लोकं अजून खालच्याच्याच पाया पडत्यात."

मी मोठ्यानं विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तुमच्या घरातलं. मी हलगीवाला, मी कशापाई बोलू?" निघताना त्यांनी तुझी चौकशी केली. पोरगी गाती का अजून, असं विचारलं. मी नाही म्हणालो आणि त्यांनी यंत्र पुन्हा कानात घातलं.

या पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे. त्यात ती चाळीस सेकंदं आहेत, नुसती तुझी. अवंतिकाकडून लॅपटॉप घे, कानाला लावायचं घे आणि एकटीनं ऐक. स्पीकर लावू नकोस. हलगी थोडी ऐकू येईल, ती पुरती निघत नाही म्हणाला यशराज. आवाज लांबून आल्यासारखा आहे, पण तूच आहेस, एकवीस वर्षांची.

माझ्या कानाला शिरोलीत नाव आहे असं सुरुवातीला लिहिलं ते याच्यासाठी. रोज शंभर-दोनशे नग वाजवून बघतो, तीस वर्षं झाली. हा तुकडा मी महिन्याभरात किती वेळा वाजवून बघितला मला सांगता येणार नाही. कुठंतरी बारीक तडा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं, इतका मी वाईट आहे. नाही सापडला. तू सुरात होतीस. सगळीकडं.

अवंतिकाचं ते वाक्य खोटं आहे, आणि ते तिच्या नावानं जगासमोर लागलंय. ते तिला सांगायला हवं. तू सांगितलंस तर तुझ्या पद्धतीनं सांग, माझी बाजू घेऊ नकोस. मला सांगायला लावलंस तर मी आजऱ्याला येतो आणि तुमच्या सोप्यात बसून, सासूबाईंच्या देखत सांगतो.

तीस तारखेचं तू ठरव. सांग म्हणालीस तर फेटा न बांधता उभा राहतो आणि ती दहा मिनिटं जे इथं लिहिलं तेच बोलतो, आण्णांचं नाव घेऊन, ते त्यात नव्हते म्हणून. तुला हे चव्हाट्यावर नको असेल तर मी त्यांना कळवतो की मला यायला जमत नाही. तू उभी राहून म्हणावंस असं मी म्हणत नाही. अठ्ठावीस वर्षं तुला गप्प बसवल्यावर आता गा म्हणायचाही हक्क मला नाही. पण त्या चाळीस सेकंदांचं कौतुक मला आता घेववत नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

माफ कर असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, कागदावर दिसत असेल. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि मला तुझी सवय माहीत आहे. तू म्हणशील, जाऊ दे दादा, सांगितलंस ते बरं केलंस. ते तेवढं म्हणू नकोस. दुसरं काहीही म्हण. रागावलीस आणि बोलायची बंद झालीस तरी चालेल.

वर एक जागा कोरी सोडली होती. मोठ्या भावानं धाकट्या बहिणीला आशीर्वाद लिहायचे असतात, आण्णांनी पाटीवर तसंच शिकवलं होतं. ते लिहायला हात होत नाही. मोठ्यानं धाकट्याला नमस्कार लिहायचा नसतो हेही त्यांनीच शिकवलं होतं.

नंदू, तुला साष्टांग नमस्कार.

बंडू